चौदा ठिपके

संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि ते चौदा ठिपके अजून हिरवेच होते. आता हिरवं दिसलं तर माणसाने खूश व्हावं, त्यातून डोंगरावरची हिरवाई किती उरली ते मोजणं हेच जिचं काम तिने तर पेढे वाटावेत. पण प्रेरणाने चहाचा कप बाजूला सारला. तिने चित्र मोठं केलं, लहान केलं, तारीख पुन्हा पाहिली. तारीख बरोबर होती. बेडशाच्या लेण्यांचा डोंगर, पायथ्याची वाडी, वाडीच्या वरचा उतार, उताराला बिलगून असलेली भाताची खाचरं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त उतारावरचे ते चौदा ठिपके, जे दर वर्षी पौषात बाकीच्या रानाच्या आधी तपकिरी पडायचे, त्यांनी यंदा रंग बदलला नव्हता. चहा निवून गेला. खाली लोणावळ्याच्या रस्त्यावर चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्या लागायला सुरुवात झाली होती आणि कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

ठिपका म्हणजे उपग्रहाला दिसणारा जमिनीचा सर्वांत लहान तुकडा, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. कंपनीत नवीन लागलेल्या पोरांना ती सांगायची, की बाबांनो, एक ठिपका म्हणजे आपला एक गुंठा धरा. पोरं शहरातली, गुंठा म्हटल्यावर त्यांना प्लॉट आठवायचे. दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास तो उपग्रह मावळावरून जातो, सगळा डोंगरपट्टा टिपतो आणि आपल्या वाटेने पुढे निघतो. पुण्यातली कंपनी ती चित्रं उतरवून घेते. दोन तारखांची चित्रं एकमेकांवर ठेवायची, जिथे हिरवं गेलं तिथे लाल भरायचं, जिथे वाढलं तिथे गडद हिरवं. चार वर्षं प्रेरणा हे काम लोणावळ्याच्या दोन खोल्यांतून करत होती. महिन्यातून दोनदा पुण्याला जायचं, बाकी दिवस ती आणि संगणकाचा पडदा. कधी कधी संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना घसा खरखरायचा तेव्हा तिच्या ध्यानात यायचं, की आज आपण दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडतोय.

ते चौदा गुंठे आबांचे होते. आबा म्हणजे तिचे वडील, बजरंग, वय एकाहत्तर, वाडीतल्या घरात एकटे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मार्गशीर्ष सरला की आबा कोयता घेऊन उतारावर जायचे, ऐन-किंजळाच्या झाडांवर चढायचे आणि पाल्यासकट फांद्या उतरवायचे. हा टहाळ. तो वाळवून खाचराच्या कोपऱ्यात पसरायचा, खाली शेण, वर टहाळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर मातीचा हात. मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी वारा बघून तो भाजायचा. हा राब. तणाचं बी जळून जातं, राख मातीत मुरते आणि त्या तुकड्यात पेरलेलं भाताचं रोप असं तरारून येतं, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. लहानपणी राब पेटवायच्या दिवशी प्रेरणाच्या हातात करंजाची ओली डहाळी असायची, आग बांध ओलांडायला लागली की झोडपायला. आबा कधी वाऱ्याच्या बाजूने पेटवायचे नाहीत, समोरून पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, सावकाश भाजत येते. दुपारी आई भाकरी घेऊन यायची तेव्हा तिघांच्या अंगाला एकच वास असायचा. तो वास गादीच्या अभ्र्यातसुद्धा चार दिवस राहायचा, आणि शाळेत शेजारची मुलगी नाक मुरडायची तेव्हा प्रेरणाला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते, पण उपयोग काय.

वाडीत आता राब भाजतो कोण? बहुतेकांची खाचरं फार्महाउसांत गेली, ज्यांची राहिली ते खताची पिशवी फोडून मोकळे होतात. आबा एकटे उरले. म्हणून तर पौषात अख्ख्या डोंगरावर तेवढेच ठिपके आधी तपकिरी पडायचे आणि इकडे लोणावळ्यात प्रेरणाला कळायचं, की आबा झाडावर चढले. म्हणजे गुडघे चालतायत, कोयत्याला धार आहे, सगळं ठीक आहे. म्हणजे जायची काही गरज नाही. हे शेवटचं वाक्य तिने स्वतःशीसुद्धा कधी उघड म्हटलं नव्हतं. वाडी बावीस किलोमीटरवर होती, स्कूटरवर पाऊण तास. उपग्रह होता जवळजवळ आठशे किलोमीटर वर. तर ही बाई बापाची खुशाली आठशे किलोमीटरवरून घ्यायची. चिंचवडचं लग्न चार वर्षांत मोडलं त्यानंतर वाडीत गेलं की प्रत्येक ओट्यावरून एकेक प्रश्न यायचा, आणि आबा काहीच विचारायचे नाहीत, ते तर त्याहून अवघड जायचं. मग फोन बरा. दर रविवारी दोन मिनिटं. जेवलात का, जेवलो, गोळी घेतली का, घेतली, बरं हाय, ठिव. गेल्या दिवाळीलासुद्धा ती गेली नव्हती, काम होतं म्हणून.

त्या दिवशी रविवार नव्हता तरी तिने फोन लावला. आबांनी उचलला. मागे कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता. बरं हाय, म्हणाले. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, गुडघं जागेवर हायती. टहाळाचं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण मग तुला कसं कळलं म्हणून आबा विचारतील आणि आपण काय सांगणार, वरून बघितलं म्हणून? तिने ठेवला. जित्याजागत्या माणसाचा आवाज ऐकूनही तिचं समाधान झालं नाही. तिला ते ठिपके तपकिरी पडलेले हवे होते. पाच दिवसांनी नवं चित्र आलं, हिरवे. आणखी पाच दिवसांनी, हिरवे. सकाळी दात घासायच्या आधी ती चित्र उघडायची. आणि दर वेळी त्या हिरव्याच्या मागून एक जुना लाल रंग वर यायचा. तो तिने दोन वर्षं दाबून ठेवला होता.

दोन वर्षांपूर्वी कंपनीला एका सरकारी खात्याचं मोठं काम मिळालं होतं. मावळातलं कुठलं रान कमी झालं त्याचा नकाशा आणि गट नंबरांची यादी द्यायची होती. वरिष्ठ होते समर्थ सर, वयाने तिच्याहून पाच वर्षांनी लहान, माणूस सरळ, पण घाईतला. ढग नकोत म्हणून त्यांनी दोन चित्रं निवडली, दिवाळीनंतरचं एक आणि संक्रांतीनंतरचं एक. प्रेरणाने ती एकमेकांवर ठेवली आणि लाल भरत गेली. बेडशाच्या उतारावर चौदा ठिपके लाल झाले तेव्हा तिचा हात थांबला. तिला माहीत होतं. त्या कंपनीत, त्या इमारतीत, कदाचित त्या अख्ख्या धंद्यात तिला एकटीला माहीत होतं, की ही तोड नाही, हा टहाळ आहे, पावसाळ्यात ही झाडं पुन्हा अंगभर फुटणार आहेत. एक बटण दाबलं असतं तर लाल पुसलं गेलं असतं. पण लगेच दुसरा विचार आला, की दुसऱ्या कुणाचं असतं तर पुसलं असतं का? बाप आहे म्हणून पुसतेस? खेड्यातून शिकून वर आलेल्या माणसाला एक खोड असते. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून तो घरच्यांना जरा जास्तच कडक मोजतो. तिने लाल तसंच ठेवलं. वर स्वतःची पाठ थोपटली. संध्याकाळी अहवाल गेला आणि समर्थ सरांनी सगळ्यांना वडापाव मागवला. अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं, आठ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. प्रेरणाने बापाला त्या आठ टक्क्यांत टाकलं आणि कामाला लागली. पुढच्या पौषात ठिपके नेहमीसारखे तपकिरी पडले. काही बिघडलं नाही, असं ती धरून चालली.

आणि मग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी ते पडले. चौदाच्या चौदा तपकिरी! प्रेरणा खुर्चीतून उठली, खरंच उठली, आणि त्या दोन खोल्यांत कुणाला सांगावं ते न सुचून तिने खिडकी उघडली. चढले आबा. उशिरा का होईना, चढले. तिने पोहे केले, दोन माणसांचे झाले. बशी घेऊन ती पुन्हा पडद्यासमोर बसली आणि चित्र जरा लहान केलं, नुसतंच, डोळे भरून बघायला. तर काय, चौदा ठिपक्यांच्या वरचं रानही तपकिरी, खालचंही तपकिरी, लेण्यांच्या पाठीमागचा सगळा डोंगर तपकिरी. पानगळ सुरू झाली होती. हा रंग आबांचा नव्हता, झाडांचा स्वतःचा होता. कोयता यंदा लागलाच नव्हता, आणि आता पानं गळून गेल्यावर लागून उपयोगही नव्हता, काड्यांचा का कुठे राब होतो? टहाळ नाही म्हणजे राब नाही, राब नाही म्हणजे रोप नाही, आणि रोप नाही म्हणजे आबांच्या खाचरात यंदा भात नाही. महिनाभर ती इथे बसून रंग बघत राहिली होती. पहिल्या दिवशी स्कूटरला किल्ली लावली असती तर झाडांवर अजून पानं होती. हे तिने मनात मोठ्याने म्हटलं आणि तिला रडू आलं.

रविवारी सकाळी ती निघाली. कामशेतला वळून पवनेच्या अंगाने गेलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाउसांच्या भिंती लागतात. पूर्वी इथून खाचरं दिसायची, आता भिंतींवरचे कुत्र्यांचे फोटो दिसतात. वाडीत घराला कडी होती. शेजारच्या नंदाबाई ओट्यावर पावटे निवडत होत्या. त्यांनी प्रेरणाला नखशिखान्त न्याहाळलं, वाळलीस गं, म्हणाल्या, आणि मग सांगितलं, की तुझा बा बंगल्यावर असतो आता, दिवाळीपासनं, तिकडं पानी मारतो. कुठला बंगला ते विचारावं लागलं नाही. वाडीच्या खालच्या अंगाला तो एक लांबट चौकोन होता, भर उन्हाळ्यातसुद्धा गडद हिरवा. तिच्याच नकाशात त्याची नोंद हरित आच्छादनात वाढ अशी होती.

आबा हिरवळीच्या मधोमध पाइप घेऊन उभे होते. टोपी तीच, खाली कुणीतरी दिलेली निळी पॅंट, पायात काही नाही. प्रेरणाला बघून त्यांनी पाण्याची धार बाजूला केली, तिच्या चपला भिजू नयेत म्हणून. आलीस व्हय, म्हणाले. जणू ती काल संध्याकाळी गेली होती. मग त्यांनी तिला नोकरीची गंमत सांगितली, की हे गवत रोज पाणी घालून वाढवायचं, वाढलं की मशीनने कापायचं, आणि कापलेलं ढोराला घालायचं नाही, पिशवीत भरून टाकून द्यायचं; येडी मान्सं हायती, पर सभावानं बरी. ते हसले तेव्हा खालचा आणखी एक दात गेलेला दिसला. प्रेरणाने विचारलं, की यंदा टहाळ का नाही केला. आबांनी नळ बंद केला, पाइपाची नीट गुंडाळी केली आणि घरी चल म्हणाले.

घरात आईच्या फोटोमागे एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत एक कागद. गेल्या पावसाळ्यानंतर आला होता. आबा चौथी शिकलेले, अक्षर लावून वाचायचे, पण हे अक्षर त्यांना लागलं नव्हतं. तालुक्याला कुठल्याशा कचेरीत ते तीन वेळा जाऊन आले. तिसऱ्या वेळी तिथल्या माणसाने समजावलं, की आबा, झाडं तोडलीत तुम्ही, वरून फोटो आलाय, आता पुन्हा तोडणार नाही म्हणून लिहून द्या आणि मोकळे व्हा. आबांनी सही करून दिली. सही केली म्हणजे शब्द दिला, आणि शब्द दिल्यावर कोयता कशाला हातात धरायचा? तो त्यांनी चुलीमागे ठेवून दिला आणि बंगल्यावर कामाला लागले. हे सगळं त्यांनी तिला असं सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं. फोनवर का नाही बोललात, असं तिने विचारलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. कागुद काय फोनवर दावता येतो? तू असलंच काम करतीस, म्हटलं दिवाळीला आली की इचारू. मग दिवाळीला आली नाही, म्हटलं संक्रांतीला येईल.

प्रेरणाने कागदाची घडी उलगडली. दुसऱ्या पानावर नकाशा होता. बेडशाचा उतार, करड्या रंगात डोंगर, आणि त्यावर चौदा ठिपके. तो लाल तिने स्वतः निवडला होता. सरांना भडक हवा होता, तिने म्हटलं होतं, विटेसारखा घेऊ, डोळ्यांना बरा. आबांनी त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. बोटावर जुन्या कोयत्याचा वण होता, ती तिसरीत असतानाचा. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसती शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, “ह्ये लाल कुनी केलं आसंल गं?”

कंपनीने केलं, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. यंत्र आपोआप करतं, असं म्हणता आलं असतं. लोणावळ्यापासून सबंध रस्ताभर तिने तीन-चार वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही आलं नाही.

“मी केलं, आबा,” ती म्हणाली. “मला ठाऊक होतं, टहाळ आहे म्हणून. तरी केलं.”

आबांनी कागद तिच्या हातातून घेतला. जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातली, पिशवीत घातला, पिशवी फोटोमागे ठेवली. फोटो जरा वाकडा झाला होता तो सरळ केला. मग टोपी चढवून बाहेर पडले आणि अंगणातून नुसती मान हलवून तिला ये म्हणाले. उताराची वाट तिच्या पायांना आठवत होती, छातीला नव्हती. आबा पुढे, गुडघ्यावर हात देत देत, आणि मागून ती धापा टाकत. पायाखाली ऐनाची गळलेली पानं चुरत होती. दर वर्षी ही पानं इथे नसायची, खाली खाचरात रचून ठेवलेली असायची. वरून खाचर दिसत होतं, मोकळं, कोपऱ्यात राबाची जागा नुसतीच भेगाळलेली. एका ऐनापाशी आबा थांबले आणि खोडावर थाप मारून त्यांनी वर बघितलं. गेल्या वर्षी छाटलेल्या फांद्यांच्या गाठी दिसत होत्या, त्यांतून फुटलेले अंगठ्याएवढे नवे फाटे दिसत होते, आणि सगळ्यांच्या वर, मधोमध, एक सरळ जुनी फांदी, जिला कोयता कधीच लागला नव्हता. हा शेंडा. तो कधी तोडायचा नाही, हे प्रेरणाला लिहाय-वाचायला यायच्या आधी शिकवलेलं. झाडाचं काहीही घे, शेंडा राख. शेंडा राहिला तर झाड जातं कुठं?

“हरेक झाडाचा राखलाय,” आबा म्हणाले. “वरनं बघनाऱ्याला तर आदी शेंडाच दिसाय पायजे.”

तिने सांगायचा प्रयत्न केला. वरून झाड दिसत नाही, गुंठा दिसतो, आणि गुंठ्याला एकच रंग देतात, सर्वांत जास्त जे असेल त्याचा. आबांनी ऐकून घेतलं. गुंठ्याला एक रंग, असं एकदा स्वतःशी म्हणाले आणि मान हलवली, एखाद्याच्या घरची अडचण समजल्यावर हलवावी तशी. मग तिने सांगितलं, की उद्या ती तालुक्याला जाणार आहे, नकाशा चुकीचा होता आणि चूक आपण केली असं सहीनिशी लिहून देणार आहे, आणि त्याची प्रत कंपनीला. तुजी नोकरी, एवढंच आबांनी विचारलं. बघू, ती म्हणाली. आबांनी खाली खाचराकडे पाहिलं. यंदाचं गेलं, म्हणाले. पुढच्या पौषात बघू, गुडघं ऱ्हायलं तर. तिला वाटलं होतं, की आबा रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हीपैकी काही झालं नाही, आणि जे गेलं ते त्या भेगाळलेल्या कोपऱ्यात तसंच उघडं पडून राहिलं.

सवयीने तिने फोनमध्ये वेळ पाहिली. अकराला पाच कमी. बुधवारी पाहिलेलं चित्र मंगळवारचं होतं, मंगळवार आणि पाच म्हणजे आज रविवार. ती म्हणाली, आबा, तो आता येईल, वरून जाईल. आबांनी लगेच वर बघितलं, कपाळावर हात धरून. आभाळ मोकळं होतं, एक घार तेवढी लेण्यांच्या बाजूला फिरत होती. कुटं हाय, त्यांनी विचारलं. दिसत नाही, ती म्हणाली, पण आहे. मग आबांनी असं काही केलं, की तिला ते पुढे कितीतरी दिवस कामाच्या मध्येच आठवत राहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी नीट बसवली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ऐनाची सावली सोडून दोन पावलं पुढे उन्हात येऊन उभे राहिले, हात सरळ, जत्रेत फोटोवाल्यापुढे राहतात तसे.

“दिसतोय का आता?” त्यांनी विचारलं.

“नाही, आबा. माणूस नाही दिसत त्याला.”

आबा तरीही उभेच राहिले. उन्हाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. प्रेरणा जवळ गेली आणि त्यांच्या बाजूला, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी राहिली. सदऱ्याला धुराचा वास नव्हता. कापलेल्या ओल्या गवताचा होता.

“न्हाई दिसत व्हय,” आबा वर बघतच म्हणाले. “मंग तू येत जा.”

अकरा वाजून गेले. घार डोंगराआड गेली. थोड्या वेळाने आबांनी बटण सोडलं आणि उतरायला लागले, कारण बंगल्याच्या पुढच्या अंगाला अजून पाणी मारायचं राहिलं होतं. प्रेरणाही त्यांच्या मागोमाग उतरली.